कॉलरचं बटण

कडकबाईंना हे नाव त्यांच्या इस्त्रीमुळे पडलं की जिभेमुळे, यावर गल्लीत दोन पक्ष होते आणि दोघांचंही बरोबर होतं. त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेला शर्ट आणि त्यांच्या तोंडातून बाहेर पडलेला शब्द, दोन्ही सहजासहजी वाकत नसत. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर जुनी घोंगडी आणि वर ताणून बसवलेली पांढरी चादर, भिंतीला आडवा दांडा आणि दांड्यावर गल्लीतल्या निम्म्या लोकांची अब्रू लटकलेली. मागच्या दाराला पडदा होता. पडद्यापलीकडे संसार.

या संसारातला नवरा मात्र उभं आयुष्य रस्त्यावरच राहिला. लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. यायचा, आंघोळ करायचा, झोपायचा, उठून बायकोनं इस्त्री केलेला शर्ट चढवायचा आणि जायचा. घरात त्याचं बोलणं म्हणजे पाणी दे, निघतो, दार लावून घे. कडकबाई गिऱ्हाइकांना म्हणायच्या, "माझ्या सवतीला सहा चाकं आहेत." हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या जवळजवळ रोज. एवढी मेहनत घेऊन क्रीज पाडलेला शर्ट, आणि तो बघायचं भाग्य कुणाला, तर पुढच्या बाकावर बसणाऱ्या परक्या उतारूंना! याचा त्यांना मनापासून जळफळाट व्हायचा.

ड्रायव्हर निवृत्त झाले. आता तरी माणूस घरात दिसेल असं वाटतंय तोवर एका सकाळी दाढी करता करता वस्तरा त्यांच्या हातातून गळून पडला. उजवी बाजू गेली. वाचा वाचली, जीव वाचला, पण हात खांद्यापासून लोंबायला लागला आणि पाय काठीच्या मागून ओढत यायला लागला. कडकबाई रडल्या, चांगल्या धाय मोकलून रडल्या. ते रडणं खोटं नव्हतंच. पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट घडायला लागली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

रोज सकाळी नवऱ्याला शर्ट घालायचं काम त्यांच्याकडे आलं. लुळा हात आधी बाहीत, मग चांगला हात, मग समोर उभं राहून खालपासून वरपर्यंत एकेक बटण. इतक्या जवळ, इतक्या उजेडात, समोरासमोर ती दोघं कधी उभी राहिलीच नव्हती. कुठं बघावं ते ड्रायव्हरांना समजेना, म्हणून ते बोलायला लागले.

पहिल्या दिवशी म्हणाले, "तुझे हात गरम असतात गं."

"इस्त्रीचे हात आहेत. गरम नाहीतर काय गार असणार?"

दुसऱ्या दिवशी धुक्यातल्या एका रात्रीचं सांगितलं. समोर रस्ता आहे की दरी ते कळत नव्हतं, मागे सगळी बस घोरत होती आणि हे एकटे घामानं भिजले होते. मग एका थांब्यावरच्या लंगड्या कुत्र्याचं सांगितलं, ते यांच्याच बसचा भोंगा ओळखायचं. कॉलरच्या बटणापर्यंत गोष्ट संपली तर संपली, नाहीतर कडकबाई म्हणत, "उरलेली उद्या." पुढे पुढे त्यांची बोटं मुद्दाम सावकाश चालायला लागली. अख्ख्या संसारात हाती न लागलेला नवरा त्यांना आता रोज सात बटणांएवढा मिळत होता, आणि त्यावर त्या खूश होत्या. देवानं बरोबर हात घेतला, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं, पण यायचं ते येऊन गेलं होतं.

मग उपटल्या पोस्टातल्या बाई.

दवाखान्याच्या मागे एक मोठी खोली होती. तिथं अशी एक बाजू गेलेली माणसं व्यायामाला जमायची. शिकवायला एक चुणचुणीत मुलगी होती, तिच्याविषयी कडकबाईंची काही तक्रार नव्हती. पण तिच्या मदतीला ही बया यायची. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेली, एकटी, डावा हात बऱ्याच वर्षांपूर्वी असाच गेलेला. एका हातानं सगळं कसं करायचं ते ती नव्या लोकांना दाखवायची. एका हातानं संत्रं सोलायची. एका हातानं बुटाची नाडी बांधायची. केसांना चाप लावायची तर अशी, की दोन हात असलेल्या बाईनं बघत राहावं. आणि हे सगळं करताना बडबड आणि खिदळणं चालूच. कडकबाईंनी एकदा खिडकीतून आत बघितलं तर ड्रायव्हर तोंड उघडून हसत होते. नवऱ्याच्या दाढा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या.

घरी येताना त्यांनी विचारलं, "एवढं हसायला काय झालं होतं?"

"काही नाही गं. त्या बाई भारी बोलतात."

"पोस्टात होती ना. तिथं शिक्के मारता मारता येत असेल बोलायला."

ड्रायव्हर यावरही हसले. ते बोलणं त्यांना विनोद वाटला, हे तर आणखीच लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच, असं कडकबाईंनी त्या दिवशी ठरवून टाकलं.

थोड्याच दिवसांत ड्रायव्हरांनी सकाळी जाहीर केलं, "आजपासून शर्ट मी घालणार. तू बघ नुसती."

त्यांनी शर्टाची खालची बटणं लावलेलीच ठेवली होती, वरची दोन फक्त उघडी. शर्ट पलंगावर पालथा घातला, कॉलर पलीकडे, खालचा घेर आपल्याकडे. चांगल्या हातानं लुळा हात उचलून खालून बाहीत सारला, मग चांगला हात घातला, मग सगळं गोळा करून डोक्यावरून खाली ओढलं. जरा वेळ नुसतं कापड धडपडलं आणि मग कॉलरमधून त्यांचं डोकं वर आलं, केस विस्कटलेले, चेहरा लाल, आणि त्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"पोस्टातल्या बाईंनी शिकवलं," ते म्हणाले. "आता तुझी सकाळची कटकट गेली."

"बरं झालं," कडकबाई म्हणाल्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी वकिलाच्या शर्टाची कॉलर जाळली. असं त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं.

आता इस्त्रीवाल्यांचा एक नियम असतो. शर्ट टेबलावरून उचलायच्या आधी कॉलरचं बटण लावायचं, नाहीतर कॉलर बसत नाही, खांदे पडतात. कडकबाईंच्या हाताला हे इतकं मुरलेलं होतं की झोपेतही त्यांनी बटण लावलं असतं. ड्रायव्हरांनी सांगून ठेवलं होतं, "माझ्या शर्टाची वरची दोन उघडी ठेव हं." तरी एकदा हात आपल्या सवयीनं गेला. सकाळी त्या दुकानात होत्या तेव्हा पडद्यामागून हाक आली, तीही कापडात गुदमरलेली, "अगं, येतेस का?"

त्या धावल्या. शर्टाच्या आत नवरा अडकला होता, डोकं वर यायला वाट नव्हती. त्यांनी बटण काढलं. डोकं बाहेर आलं. मग आल्याच आहेत तर त्यांनी शर्ट सारखा केला, कॉलर नीट केली, आणि तेवढ्यात ड्रायव्हरांनी त्या लंगड्या कुत्र्याचं पुढं काय झालं ते सांगून टाकलं.

ती चूक खरोखरीची होती. पुढची नव्हती. रोज केलं तर चोरी पकडली जाते हे त्यांना कळत होतं, म्हणून अधूनमधून. ड्रायव्हर म्हणायचे, "परत लावलंस का गं?" आणि त्या म्हणायच्या, "हाताची सवय हो, काय करू? इतकी वर्षं हेच केलं." या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता, तरी अख्खं वाक्य खोटं होतं.

व्यायामाच्या खोलीत नव्या लोकांचा वर्ग संपत आला तेव्हा शिकवणाऱ्या मुलीनं सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. प्रत्येकानं आपलं एक काम कुणाच्या मदतीशिवाय करून दाखवायचं. कुणी चहा करणार होतं, कुणी खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन येणार होतं. ड्रायव्हर शर्ट घालणार होते.

"पांढरा दे," त्यांनी सांगितलं. "आणि उद्या तरी वरची दोन विसरू नकोस. सगळ्यांसमोर आहे."

"नाही विसरणार."

"शब्द दे."

"दिला हो शब्द. लहान मूल आहात का?"

कडकबाईंनी शर्टाला खळ दिली, पाणी शिंपडलं, गुंडाळून ठेवला आणि दुपारी इस्त्रीला घेतला. शब्द पाळायचा हे त्यांनी मनाशी धरलं होतं, अगदी खरंच. पाठ झाली, बाह्या झाल्या. तेवढ्यात आत फोन वाजला.

"हां, बोला बाई," ड्रायव्हरांचा आवाज आला. मग थोडा वेळ ऐकणं. मग ते हसणं, दाढा दाखवणारं. मग म्हणाले, "तुम्ही पुढंच बसा म्हणजे मला धीर येईल."

पुढंच बसा! पुढच्या बाकावर पुन्हा परकीच! कडकबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी वरून दुसरं बटण लावलं. मग कॉलरचं लावलं. मग काजावर ओला बोळा फिरवून, ज्या जागी इस्त्री कधी दाबायची नसते त्या जागी ती दाबून धरली. खळ चरचरली आणि बटण काजात असं बसलं की दोन हातांनीसुद्धा नखं लावावी लागली असती. शर्टाची घडी घालून त्यांनी तो कागदात बांधला. तोपर्यंत राग निवला होता. पुडा सोडून बटण उघडायला वेळही भरपूर होता. त्यांनी तो सोडला नाही. येईल हाक, त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि सगळ्यांसमोर येऊ दे. त्या बयेलाही दिसू दे याला कोण लागतं ते.

दुसऱ्या दिवशी खोली भरली होती. पोस्टातल्या बाई पुढच्या रांगेत, फिकट निळा स्वेटर घालून. कडकबाईंना जागा मिळाली मागे, खांबाजवळ. एका आजोबांनी चहा केला, थोडा सांडला, टाळ्या पडल्या. मग ड्रायव्हर उठले, बनियनवर, काठी टेकत टेबलापर्यंत गेले. पुडा सोडला. एरवी ते बोटानं कॉलर चाचपून बघायचे. आज नाही बघितली, कारण आज शब्द होता. शर्ट पालथा घातला, लुळा हात सारला, चांगला हात सारला, आणि शिकवल्याप्रमाणे झटक्यात डोक्यावरून ओढला.

डोकं वर आलं नाही.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, थोडा वेळ लागतोय. कापड ताठ होतं, त्याच्या आत कपाळ उमटलं, नाक उमटलं, परत आत गेलं. चांगला हात बाहीत वर अडकून पडला होता, त्याची बोटं हवेत काहीतरी शोधत होती. खाली बनियन वर सरकून म्हाताऱ्या पोटाची कातडी उघडी पडली. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. कुणा पोराला हसू आलं आणि त्याला गप्प केलं गेलं. कडकबाई हाकेची वाट बघत होत्या. हाक येईना. ते आतल्या आत नुसते झटत होते, धापा टाकत, आणि कुणालाच बोलवत नव्हते. त्यांना स्वतःच करून दाखवायचं होतं. कडकबाईंना उठायचं होतं पण उठवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्यांना वाटत होतं की आपण उठलो की अख्ख्या खोलीला बटण दिसेल.

आणि मग पोस्टातल्या बाई उठल्या.

त्या टेबलाशी गेल्या आणि आपला चांगला हात त्यांनी ड्रायव्हरांच्या गळ्याशी नेला. ज्या गोष्टीच्या भीतीनं एवढा उद्योग केला होता तीच गोष्ट कडकबाईंना डोळ्यांनी बघावी लागली. परक्या बाईची बोटं त्यांच्या नवऱ्याच्या कॉलरवर फिरत होती, आणि ती तिथं नेऊन ठेवली होती त्यांनीच.

शर्टाच्या आतून आवाज आला, "कोण?"

"मी आहे, पोस्टातली. थांबा, बटण लागलंय."

"तुम्ही राहू द्या बाई." आतला आवाज धापा टाकत होता पण ठाम होता. "ती खळ आहे, तुमची नखं मोडतील. आमची ही कुठाय? तिचं बटण तिलाच उघडतं."

खोली मोकळेपणानं हसली. ड्रायव्हर बसमध्ये घाबरलेल्या लोकांना असंच हसवत असतील. कडकबाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्यांच्या मधून वाट काढत त्या गेल्या, दोन्ही अंगठ्यांची नखं लावून बटण काढलं, त्याखालचंही काढलं. डोकं बाहेर आलं, घामानं डबडबलेलं. ड्रायव्हरांनी बायकोकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. टाळ्या पडल्या, त्यात पोस्टातल्या बाईंची टाळी मांडीवर मारलेली होती, एका हाताची.

घरी येताना ड्रायव्हर काठी टेकत दोन पावलं पुढेच चालले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्ट मागितला नाही आणि घातलाही नाही. बनियनवर जुना स्वेटर ओढायचा आणि खिडकीशी बसायचं, असं सुरू झालं. व्यायामाला जाणं बंद. पाणी दे, दार लाव, एवढंच बोलणं पुन्हा उरलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? कडकबाई लोकांच्या शर्टांची बटणं लावत राहिल्या आणि प्रत्येक कॉलरला त्यांना रडू यायचं.

शेवटी एका दुपारी त्यांनी पांढरा शर्ट पुन्हा धुतला, बिनखळीचा वाळवला, इस्त्री केली आणि एकही बटण न लावता आत नेला. पलंगावर ठेवला तो उताणा, सगळी बटणं दिसतील असा.

"मी मुद्दाम लावलं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर काय बोलायचं?" ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुला त्या बाईंचा एवढा राग?"

"आहे. अजून आहे. ती तुम्हाला हसवते. मला इतक्या वर्षांत जमलं नाही."

"अगं, पण मला शर्ट घालता आला म्हणून तुझं काय गेलं? हात गेला माझा. एवढं एक तरी माझं मला करू दे की."

कडकबाईंनी शर्टावरून हात फिरवला. सुरकुती नव्हतीच, तरी फिरवला.

"तुम्ही शर्ट घातला की जायचात," त्या म्हणाल्या. "जन्मभर मी तेच बघितलं. शर्ट घालायचा आणि जायचं. आता कुठं मी घालायला लागले, तर तुम्ही थांबायला लागलात."

ड्रायव्हरांनी मान वळवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण सात बटणांत मावेल असं ते नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "खालची बटणं लावून ठेव. वरची दोन उघडी."

त्यांनी लावून ठेवली. वरची दोन उघडी.

सकाळी कडकबाई दुकानात उभ्या होत्या. इस्त्री तापली होती, पण कान पडद्याकडे. आत पलंग करकरला, कापड सळसळलं. हाक आली नाही. झालं तर मग, त्या मनाशी म्हणाल्या, आणि असं झालं तर गप्प राहायचं हे त्यांनी ठरवलंच होतं. तरी मान आपोआप वळली. पडद्याच्या फटीतून कपाटाचा आरसा दिसत होता आणि आरशात ड्रायव्हर. शर्ट अंगात, वरून दुसरं बटण लागलेलं, केस उभे. जिभेचं टोक दातांत धरून, हनुवटी वर करून ते डाव्या हाताच्या तीन बोटांनी कॉलरचं बटण लावत होते. एकदा निसटलं. पुन्हा धरलं. काज चिमटीत, बटण अंगठ्यानं आत, आणि लागलं. एका हातानं, अगदी व्यवस्थित.

ड्रायव्हरांनी आरशात बघितलं. जरा वेळ कॉलर निरखली. मग तेवढ्याच काळजीनं अंगठा मागून घालून ते बटण पुन्हा काढलं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "येतेस का?"

कडकबाईंनी इस्त्री उभी केली, तिचं बटण बंद केलं आणि घाई न करता आत गेल्या.

"काय, नाही जमलं?"

"नाही ना. हे एवढं कॉलरचं राहिलं."

"त्या पोस्टातल्या बाईला विचारायचं होतं."

"विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हे बटण एका हातानं लागतच नाही."

"खोटारडी आहे," कडकबाई म्हणाल्या. त्यांनी शर्टाची लागलेली सगळी बटणं एकेक करून उघडली आणि अगदी खालच्यापासून पुन्हा लावायला घेतली.